मुंबई ते टोकियो: अंतर, विमानाचा वेळ आणि घड्याळाचं गणित (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

माझी धाकटी बहीण टोकियोजवळ राहते. गेली काही वर्षं माझं आणि आईचं तिकडे जाणं-येणं सुरू असतं, त्यामुळे ओळखीतलं कोणी जपानला निघालं की पहिला फोन मला येतो. प्रश्न थोड्याफार फरकाने तेच असतात: किती लांब आहे, किती तास लागतात, आणि तिकिटावरचे तास जुळत का नाहीत. त्या सगळ्यांची उत्तरं एकदा नीट लिहून ठेवावीत, म्हणून हे पान. आकडे गोल करून दिले आहेत, पण अंदाजपंचे नाहीत.

मुंबई ते टोकियो अंतर नेमकं किती?

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळापासून टोकियोच्या नारिता विमानतळापर्यंत सुमारे ६,७९० किलोमीटर. हानेदा विमानतळ धरला तर सुमारे ६,७३० किलोमीटर. मैलांत सांगायचं तर नारिता ४,२२० मैलांच्या आसपास, आणि सागरी मैलांत ३,६६५. वैमानिक आणि विमान कंपन्या सागरी मैल वापरतात.

हे अंतर पृथ्वीच्या गोलावरून मोजलेलं सर्वांत जवळचं अंतर आहे. पृथ्वीचा घेर साधारण ४०,००० किलोमीटर. म्हणजे मुंबईहून टोकियोला जाताना आपण जगाच्या घेराचा जवळजवळ सहावा हिस्सा पार करतो. आशियातल्या आशियात फिरतोय म्हणून प्रवास छोटा असेल असं वाटतं, पण तसं नाही.

मग निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळे आकडे का दिसतात?

कारण प्रत्येक जण वेगळ्या दोन बिंदूंमधलं अंतर मोजतो. कोणी विमानतळ ते विमानतळ, कोणी शहराचा मध्य ते शहराचा मध्य. सीएसएमटी ते टोकियो स्टेशन अशी रेघ ओढली तर ६,७४० किलोमीटरच्या आसपास येतात. कोणी मैल आणि सागरी मैल यांची गल्लत करतं, आणि त्यात ५५० मैलांच्या आसपास फरक पडतो. ६,७०० ते ६,८०० किलोमीटरमधला कुठलाही आकडा दिसला तर तो बरोबरच आहे असं समजा. ९,००० च्या पुढचा दिसला तर तो बहुधा सिंगापूरसारख्या ठिकाणी उतरून जाणाऱ्या प्रवासाचा किंवा समुद्रमार्गाचा असतो.

थेट विमानाला किती वेळ लागतो?

मुंबईहून टोकियोला जाताना साधारण पावणेआठ ते सव्वाआठ तास. टोकियोहून मुंबईला येताना साडेनऊ ते सव्वादहा तास.

हा वेळ गेटपासून गेटपर्यंतचा असतो. विमान गेटवरून मागे सरकतं, धावपट्टीपर्यंत रांगेत जातं, उतरल्यावर पुन्हा गेटपर्यंत येतं, ते सगळं यात धरलेलं असतं. प्रत्यक्ष हवेत असण्याचा वेळ त्याहून अर्धा-पाऊण तास कमी.

जाताना आठ तास आणि येताना पावणेदहा? रस्ता तर तोच ना?

रस्ता तोच असतो, वारा तो नसतो. हा माझा सर्वांत आवडता प्रश्न आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

विमान साधारण १० ते १२ किलोमीटर उंचीवरून जातं. त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे असतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात, शाळेच्या पुस्तकात झोतवारे म्हणून वाचलं असेल. हिवाळ्यात या वाऱ्यांचा जोर जगात जिथे सर्वांत जास्त असतो, त्यांतला एक पट्टा पूर्व चीनपासून जपानपर्यंत पसरलेला आहे. तिथे ताशी ३०० किलोमीटरहून जास्त वेगही गाठला जातो.

आता विमानाचं बघा. या मार्गावरचं मोठं विमान हवेच्या तुलनेत ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास वेगाने जातं. पण ज्या हवेतून ते जातं आहे, ती हवाच पूर्वेकडे धावत असेल तर जमिनीच्या तुलनेत विमानाचा वेग वाढतो. पुढच्या सीटच्या पाठीवरच्या पडद्यावर जमिनीचा वेग दाखवणारा आकडा असतो, तो जाताना चीनच्या पूर्व भागावर बघत राहा. मी जानेवारीत गेले होते तेव्हा तो आकडा हळूहळू चढत १,१०० च्या वर गेला होता. विमानात काहीच जाणवत नव्हतं, ग्लासातलं पाणीसुद्धा हललं नाही. परतीच्या वाटेवर त्याच पट्ट्यात आकडा ७०० च्या खाली आला. इंजिनं दोन्ही वेळा तेवढाच जोर लावत होती.

सरासरी काढली तर जाताना जमिनीवरचा वेग ताशी ९५० च्या घरात आणि येताना ७७० च्या घरात पडतो. सात हजार किलोमीटरच्या वाटेवर या फरकाचे पावणेदोन-दोन तास होतात.

पावसाळ्याच्या महिन्यांत हे वारे मंदावतात आणि उत्तरेकडे सरकतात. तेव्हा जाण्या-येण्यातला फरकही कमी होतो. विमान कंपन्या उन्हाळी आणि हिवाळी अशी दोन वेळापत्रकं काढतात, त्यात हे वारे धरलेले असतात. त्यामुळे जुलैमधल्या तिकिटावरचा वेळ आणि जानेवारीतल्या तिकिटावरचा वेळ वेगळा दिसला तर ती छपाईची चूक समजू नका.

या वाऱ्याची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. तो पद्धतशीरपणे पहिल्यांदा मोजला गेला तो टोकियोच्याच परिसरात. वासाबुरो ओइशी नावाचे जपानी हवामानशास्त्रज्ञ तातेनो इथल्या वेधशाळेत होते. हे ठिकाण आजच्या त्सुकुबा शहरात, म्हणजे नारितापासून फार दूर नाही. १९२० च्या दशकात ते फुगे आकाशात सोडायचे आणि दुर्बिणीसारख्या यंत्राने त्यांचा माग काढायचे. वर गेलेले फुगे हिवाळ्यात प्रचंड वेगाने पूर्वेला जातात हे त्यांना दिसलं. जगाला कळावं म्हणून १९२६ साली त्यांनी आपला अहवाल एस्परांतो या भाषेत छापला. ही भाषा सगळ्या देशांची सामायिक भाषा व्हावी म्हणून तयार केलेली होती. ती वाचणारेच थोडे, त्यामुळे जगाचं त्याकडे लक्षच गेलं नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धात खूप उंचावरून उडणाऱ्या अमेरिकी बॉम्बर विमानांना जपानवर हाच वारा आडवा आला, तेव्हा सगळ्यांना त्याची ताकद कळली. नारिताला उतरताना मला दर वेळी त्या फुग्यांची आठवण येते.

तिकिटावर जाताना साडेअकरा तास आणि येताना सव्वासहा तास दिसतात. हे कसं?

पहिल्यांदा आईचं तिकीट काढलं तेव्हा ती छापील कागद घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसली. निघायची वेळ रात्री ८, पोचायची वेळ सकाळी ७.३०. बोटांवर मोजून म्हणाली, “साडेअकरा तास होतात. तू तर आठ म्हणाली होतीस.” मग परतीचं पान उलटलं. सकाळी ११ ला निघून संध्याकाळी ५.१५ ला मुंबई. “आणि येताना सव्वासहाच? अगं, तू तर म्हणालीस येताना जास्त लागतात!”

तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. निघण्याची मुंबईच्या घड्याळाने, पोचण्याची टोकियोच्या घड्याळाने. जपानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. म्हणून जाताना वजाबाकीत साडेतीन तास जास्त दिसतात आणि येताना साडेतीन तास कमी.

हिशोब असा करायचा. रात्री ८ ला निघालात, आठ तास उडालात, तर भारतात पहाटेचे ४ वाजलेले असतात. त्यात साडेतीन मिळवा, टोकियोत सकाळचे ७.३०. परतीला टोकियोहून सकाळी ११ ला निघालात, पावणेदहा तास उडालात, तर टोकियोत रात्रीचे ८.४५ वाजलेले असतात. त्यातून साडेतीन वजा करा, मुंबईत संध्याकाळचे ५.१५.

आईला हे गणित पटलं, पण तिने स्वतःचा उपाय काढला. मनगटावरचं घड्याळ तिने पूर्ण प्रवासभर भारतातल्या वेळेवरच ठेवलं. नारिताला चाकं टेकली तेव्हा तिने मनगट वळवून बघितलं आणि म्हणाली, “चारला पाच कमी. आठ तास बरोबर.” मोबाइल उतरल्या उतरल्या आपोआप स्थानिक वेळ दाखवायला लागतो, त्यामुळे असा पडताळा हल्ली कोणी घेत नाही. घ्यायचा असेल तर साधं काट्याचं घड्याळ बरोबर ठेवा.

फोन करताना चटकन हिशोब कसा करायचा?

भारताच्या वेळेत चार तास मिळवा आणि अर्धा तास काढा. मुंबईत दुपारचे साडेतीन म्हणजे टोकियोत संध्याकाळचे सात. रात्री साडेआठनंतर मुंबईहून फोन करू नका, तिकडे मध्यरात्र झालेली असते.

दोन्ही देशांत सध्या उन्हाळ्यात घड्याळ पुढे करायची पद्धत नाही. त्यामुळे हा फरक बारा महिने तोच राहतो.

फरक साडेतीन तासांचाच का?

भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर ठरलेली आहे. ते उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जातं. जपानची प्रमाणवेळ १३५ अंश पूर्व रेखावृत्तावर, ते कोबेजवळच्या आकाशी शहरातून जातं. दोन्हींत ५२.५ अंशांचा फरक. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणून ५२.५ भागिले १५, बरोबर साडेतीन.

पण इथे एक बारकावा आहे, आणि प्रवासात तो अंगावर येतो. मुंबई मिर्झापूरच्या बरीच पश्चिमेला आहे आणि टोकियो आकाशीच्या पूर्वेला. त्यामुळे दोन शहरांतला खरा, म्हणजे सूर्याच्या हिशोबाचा फरक साडेचार तासांचा आहे. घड्याळ साडेतीन म्हणतं, सूर्य साडेचार म्हणतो. म्हणून टोकियोत जूनमध्ये पहाटे साडेचारच्या आधीच सूर्य उगवतो, आणि डिसेंबरमध्ये संध्याकाळी साडेचारला मावळतो. मुंबईच्या माणसाला हे फार विचित्र वाटतं. बहिणीकडे पहिल्या उन्हाळ्यात मी पहाटे दचकून उठले होते. खोलीभर ऊन, वाटलं नऊ वाजले. घड्याळात पाचला दहा कमी. तिच्या घरातले जाड पडदे शोभेसाठी नाहीत हे तेव्हा कळलं.

गंमत म्हणजे मुंबईचं स्वतःचं वेगळं घड्याळ १९५५ पर्यंत चालू होतं. ‘बॉम्बे टाइम’ ग्रीनविचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे होता, म्हणजे प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. तो राहिला असता तर टोकियोचा हिशोब ४ तास ९ मिनिटांचा करत बसावं लागलं असतं.

विमान कोणत्या देशांवरून जातं? हिमालय ओलांडतं का?

पृथ्वीच्या गोलावर मुंबई आणि टोकियो यांच्यात दोरा ताणला तर तो मध्य प्रदेश, मिर्झापूरच्या दक्षिणेचा सोनभद्रचा भाग, बिहार, मग दार्जिलिंग-भूतानच्या बाजूने पूर्व तिबेटवर चढतो. पुढे सिचुआन, हनान, पिवळा समुद्र, दक्षिण कोरियाचा दक्षिण भाग, जपानचा समुद्र आणि मग जपान.

प्रवासी विमान मात्र तिबेटवरून सहसा जात नाही. कारण उंची. विमान डोंगराला धडकेल अशी भीती नसते, ते डोंगरांच्या खूप वर असतं. अडचण वेगळी आहे. केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाला विमान लवकरात लवकर ३,००० मीटरच्या आसपास खाली आणावं लागतं, कारण तिथे माणूस मास्कशिवाय श्वास घेऊ शकतो. वरून खाली पडणाऱ्या पिवळ्या मास्कमधला प्राणवायू साधारण १२ ते १५ मिनिटं पुरतो, आणि तेवढ्या वेळात खाली यायचं असतं. तिबेटच्या पठाराची जमीनच सरासरी साडेचार हजार मीटर उंच. खाली यायला जागाच नाही. तिथून जाणारे हवाई मार्ग आहेत, पण त्यांना जादा प्राणवायू आणि वेगळी तयारी लागते.

म्हणून विमान बहुतेक वेळा पठाराला दक्षिणेकडून वळसा घालतं: कोलकात्याची बाजू, बांगलादेश, उत्तर म्यानमार, युन्नानमधलं कुनमिंग, तिथून चीनचा दक्षिण-मध्य भाग ओलांडून शांघायच्या बाजूने समुद्रावर आणि मग जपान. मला वाटायचं, एवढ्या वळशाने अंतर बरंच वाढत असेल. नकाशावर बिंदू घेऊन मोजून बघितलं. कोलकाता, कुनमिंग, शांघाय असा मार्ग धरला तरी एकूण ६,९३० किलोमीटर होतात. वाढतात फक्त दीडशे किलोमीटर, म्हणजे विमानाची दहा मिनिटं.

त्या दिवसाचा वारा, वादळं आणि चीनच्या हवाई हद्दीतली गर्दी बघून मार्ग दर वेळी थोडा बदलतो. त्यामुळे तुमच्या पडद्यावरची रेघ माझ्यापेक्षा वेगळी दिसू शकते.

पडद्यावर विमानाचा मार्ग वाकडा का दिसतो?

गोल पृथ्वी सपाट पडद्यावर पसरली की गोलावरची सरळ रेघ धनुष्यासारखी दिसते. उलट नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ ओढली आणि एकच दिशा धरून गेलात, तर अंतर ६,८९० किलोमीटर होतं, शंभरेक किलोमीटर जास्त. या मार्गावर फरक थोडा आहे. अमेरिकेच्या प्रवासात तो खूप मोठा होतो.

निघाल्यावर विमान आधी समुद्राकडे का जातं? टोकियो तर पूर्वेला आहे.

मुंबईत वारा बहुतेक काळ समुद्रावरून येतो आणि विमानं वाऱ्याच्या दिशेने तोंड करून उड्डाण करतात. म्हणून बहुतेक वेळा पश्चिमेकडे तोंड करून सुटतात, जुहूच्या किनाऱ्यावरून अरबी समुद्रावर जातात आणि मग वळतात. उजवी-डावी बाजू लक्षात ठेवून शहराचे दिवे बघत बसलात तर हे वळण छान कळतं.

थेट विमान कोणतं? मिळालं नाही तर कुठून जावं?

ऑल निप्पॉन एअरवेजने नारिता-मुंबई थेट सेवा २००७ साली सुरू केली. सुरुवातीला त्यासाठी लहानसं बोइंग ७३७-७०० वापरलं होतं, जादा इंधनाची सोय केलेलं आणि आतून संपूर्ण बिझनेस क्लास. पुढे त्या जागी बोइंग ७८७ आलं. आठवड्यातले कोणते दिवस हे वेळापत्रकानुसार बदलतं, तेव्हा तारीख ठरवण्याआधी ते बघून घ्या.

थेट मिळालं नाही तर दिल्लीवरून जाणं अंतराच्या दृष्टीने सर्वांत बरं. मुंबई-दिल्ली साधारण १,१४० आणि दिल्ली-हानेदा ५,८६० मिळून ७,००० किलोमीटर. थेट अंतरापेक्षा पावणेतीनशेच जास्त. हाँगकाँगवरून ७,२३० होतात, बँकॉकवरून ७,६८०. सिंगापूरवरून मात्र ९,२८०, कारण तुम्ही विषुववृत्तापर्यंत खाली जाता आणि पुन्हा वर येता. सिंगापूरचा विमानतळ सुखाचा आहे, पण अडीच हजार किलोमीटर जास्त म्हणजे हवेतच तीन तास जास्त. वयस्कर माणसं बरोबर असतील तर मी हाँगकाँग किंवा दिल्ली निवडते.

वेळ ठरवतं ते मात्र अंतर नाही, मधला थांबा ठरवतो. दिल्लीत सहा तास बसावं लागलं तर दोन तास थांबून बँकॉकवरून गेलेला माणूस आधी पोचतो. दोन तासांपेक्षा कमी थांबा घेऊ नका, पावसाळ्यात मुंबईहून सुटणारी विमानं उशिरा निघतात तेव्हा तर नाहीच.

नारिता की हानेदा?

शक्य असेल तर हानेदा. ते टोकियो स्टेशनपासून १५ किलोमीटरच्या आसपास आहे. १९६४ पासून मोनोरेल आहे, ती हामामात्सुचो स्टेशनला आणून सोडते. नारिता १९७८ साली सुरू झालं आणि ते शहराच्या पूर्वेला साधारण ६० किलोमीटरवर, चिबा प्रांतात आहे. नारिता एक्सप्रेसने टोकियो स्टेशनला तासाभरात पोचता, आणि केइसेई स्कायलायनर निप्पोरी स्टेशनला चाळीसेक मिनिटांत नेते.

म्हणजे किलोमीटरच्या हिशोबात हानेदा ६० ने जवळ, पण घराच्या दारापर्यंतच्या हिशोबात तासभर जवळ पडू शकतं. शेवटचा फरक हाच असतो, आणि अंतर सांगणाऱ्या आकड्यांत तो दिसत नाही.

एक सावधगिरी. माझ्या एका तिकिटात पहिलं विमान नारिताला उतरत होतं आणि जपानमधलं पुढचं विमान हानेदाहून सुटत होतं. दोन्हींच्या पुढे ‘टोकियो’ एवढंच लिहिलं होतं, त्यामुळे माझ्या लक्षात आलं नाही. मध्ये बसने तासाभराहून जास्त गेला, सामान ओढत. पुढचं विमान पकडता आलं, पण धावत. तिकिटावर शहराच्या नावाशेजारचं विमानतळाचं नाव वाचा, प्रवासाच्या दोन्ही टप्प्यांचं.

रशिया किंवा पाकिस्तानची हवाई हद्द बंद असली तर या प्रवासावर परिणाम होतो का?

नाही. २०२२ पासून टोकियो-युरोप विमानांना रशिया टाळून लांबून जावं लागतं, आणि २०२५ पासून भारतीय विमानांना पाकिस्तानवरून जाता येत नाही, त्यामुळे दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्यांचा वेळ वाढला. मुंबई-टोकियोचा मार्ग पूर्वेकडे जातो.

रात्रीच्या विमानात झोप किती मिळते?

कमी. मनाची तयारी ठेवून जा. तुम्ही पूर्वेकडे, म्हणजे उजाडणाऱ्या बाजूला धावत असता, त्यामुळे रात्र आखूड होते. रात्री आठला निघालेल्या विमानात जूनमध्ये भारतीय वेळेने दोनच्या सुमारास खिडकीच्या कडेला केशरी रेघ दिसायला लागते. जेवण होऊन दिवे मालवेपर्यंत साडेदहा वाजतात, आणि उतरण्याआधी दोन तास नाश्त्यासाठी दिवे लागतात. हातात तीन-साडेतीन तास येतात. जेवण नको असेल तर आधीच सांगून चढल्या चढल्या झोपा. आई हेच करते आणि आमच्यात तीच ताजी उतरते.

परतीचा दिवस याच्या उलट, लांबतच जातो. सूर्याच्या मागे मागे पश्चिमेला येत असता, त्यामुळे पावणेदहा तास उडूनही मुंबईत उतरताना बाहेर ऊन असतं.

जेट लॅग होतो का? साडेतीन तास तर थोडेच आहेत.

होतो, जाताना जास्त. शरीराचं स्वतःचं घड्याळ सरासरी २४ तासांपेक्षा थोडंसं मोठं असतं, त्यामुळे उशिरा झोपणं त्याला सोपं जातं आणि लवकर झोपणं अवघड. टोकियोत रात्री अकरा वाजता तुमच्या शरीरात साडेसात वाजलेले असतात, झोप येणार कुठून? दोन-तीन दिवस लागतात. सकाळच्या उन्हात चाललात तर लवकर जमतं. मुंबईत परतल्यावर उलट होतं, सुरुवातीला पहाटे साडेतीनला डोळे उघडतात.

विमानाआधी लोक कसे जायचे? किती दिवस लागायचे?

समुद्राने, मलाक्काच्या सामुद्रधुनीतून. हा रस्ता जवळजवळ १०,००० किलोमीटरचा आहे. १८९३ हे वर्ष या वाटेवर महत्त्वाचं. त्या वर्षी ३१ मे रोजी स्वामी विवेकानंद मुंबईहून जहाजाने निघाले. कोलंबो, पेनांग, सिंगापूर, हाँगकाँग, नागासाकी, कोबे असे थांबत, टोकियो बघून ते योकोहामाला पोचले. तिथून लिहिलेलं त्यांचं प्रसिद्ध पत्र १० जुलैचं आहे. चाळीस दिवस. त्याच वर्षाच्या शेवटी निप्पॉन युसेन काइशा या जपानी कंपनीने कोबे-मुंबई अशी नियमित जहाजसेवा सुरू केली, भारताचा कापूस जपानच्या गिरण्यांना नेण्यासाठी. त्यामागे जमशेटजी टाटांचा मोठा वाटा होता.

एअर इंडियाची विमानं टोकियोला जायला लागली १९५५ साली. तेव्हाची पंख्याची सुपर कॉन्स्टेलेशन विमानं वाटेत थांबत थांबत जायची.

फुजी पर्वत दिसण्यासाठी कोणत्या बाजूची खिडकी घ्यावी?

विमान फुजीच्या कोणत्या अंगाने जाणार यावर ते ठरतं. जाताना तुम्ही पूर्वेकडे तोंड करून असता. कोरियाच्या बाजूने आलात तर विमान फुजीच्या उत्तरेकडून जातं आणि डोंगर उजव्या खिडकीत येतो. क्यूशूच्या बाजूने, समुद्रावरून आलात तर डाव्या. उतरण्याआधी तासभर पडद्यावरचा नकाशा बघा. विमान कोरियाच्या जवळ दिसलं आणि तुम्ही डावीकडे बसला असाल तर सेविकेला विचारून मागच्या दाराजवळच्या खिडकीपाशी दोन मिनिटं उभं राहता येतं का बघा, पट्टे बांधायचा दिवा लागण्याआधी. डिसेंबर ते फेब्रुवारीत हवा स्वच्छ असते. सकाळी सातच्या आसपास, ढगांच्या वर एकटाच पांढरा शंकू आणि त्याच्या एका उतारावर कोवळं ऊन. आईने तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझा दंड घट्ट धरला होता, काही बोलली नाही.